तिसरी घंटा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बालगंधर्वांची एक गोष्ट मराठी घरात कुणाला नव्याने सांगावी लागत नाही. तारीख १२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं नवं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या नव्या चाली, धैर्यधराच्या भूमिकेत नानासाहेब जोगळेकर आणि भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. नेमकी त्याच दिवशी बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा, असं जवळच्या माणसांना वाटलं. बालगंधर्वांनी ते मानलं नाही. ठरल्याप्रमाणे पडदा वर गेला, भामिनी रंगमंचावर आली, आणि 'मानापमान' असं रंगलं की आज शंभराहून अधिक वर्षांनीही त्याचं नाव निघतं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले आहे. शाळेत ऐकली, व्याख्यानमालेत ऐकली, नाट्यसंगीताच्या मैफलीत निवेदकाच्या तोंडून तर कितीदा तरी ऐकली. सांगणाऱ्याचा आवाज दर वेळी एकाच जागी चढतो, 'पण प्रयोग थांबला नाही!' ऐकणारे मान डोलावतात, काहींचे डोळे भरून येतात. मला मात्र बऱ्याच वर्षांपासून एक साधा प्रश्न पडत आला आहे. त्या संध्याकाळी त्या मुलीची आई काय करत होती?

तिचं नाव लक्ष्मीबाई. बालगंधर्वांच्या चरित्राच्या पानांत ती येते, पण येते ती पत्नी म्हणून, गृहिणी म्हणून, सहन करणारी म्हणून. मूल दोघांचं होतं. गोष्ट मात्र एकट्या बापाची झाली. कारण बाप कीर्तिमान होता आणि आई घरात होती.

दुःख आणि कीर्ती एका घरात राहायला आल्या की काय होतं, हा आजच्या बोलण्याचा विषय आहे. आणि तो मी कादंबरीच्या निमित्ताने मांडणार आहे. बालगंधर्वांच्या आयुष्यावर मराठीत कादंबऱ्या झाल्या. गंगाधर गाडगीळांनी 'गंधर्वयुग' लिहिली. आपल्या कोल्हापूरचे नाटककार अभिराम भडकमकर यांनी 'असा बालगंधर्व' ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. २०११ साली आलेल्या 'बालगंधर्व' या चित्रपटाचं लेखनही त्यांचंच. तो रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेला, सुबोध भावे यांच्या भूमिकेचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मी इथे या पुस्तकांचं परीक्षण करायला बसलेली नाही. मला एवढंच विचारायचं आहे की, चरित्र असताना, आठवणी असताना, ध्वनिमुद्रिका असताना या माणसावर कादंबरी का लिहावी लागते?

माझं उत्तर असं आहे. चरित्रकाराला कागदाचा पुरावा लागतो. प्रयोगाची तारीख असते, जाहिरात असते, नटांची यादी असते. पण त्या रात्री बिऱ्हाडात दिवा कुणी लावला, लक्ष्मीबाईंजवळ कोण बसलं होतं, प्रयोग संपवून नवरा परतला तेव्हा त्यानं तोंडावरचा रंग पुसला होता की नाही, याची नोंद कुठल्याही वहीत नसते. तिथे चरित्रकाराला थांबावंच लागतं. कादंबरीकाराला मात्र त्या घरात शिरण्याची मुभा आहे. माझ्या मते ती नुसती मुभा नाही, ते त्याचं काम आहे.

आधी बालगंधर्वांची बाजू समजून घेऊ. नाटक मंडळी म्हणजे तेव्हा एक चालता-फिरता संसार होता. नट, साथीदार, कपडेवाले, पडदेवाले, आचारी, त्यांची बायकामुलं, सगळ्यांचं पोट तिकीटखिडकीवर. नवं नाटक म्हणजे महिनोन् महिन्यांची तालीम आणि गुंतलेला पैसा. पहिला प्रयोग पडला तर मंडळी अडचणीत यायची. तेव्हा 'प्रयोग होणार' या शब्दांत कलेवरची निष्ठा होती, तशी शंभर पानांची पंगत सांभाळण्याची जबाबदारीही होती. आपण गोष्ट सांगताना निष्ठेचा भाग ठेवतो आणि पोटापाण्याचा भाग गाळतो. त्यामुळे माणूस देव होतो, पण समजत नाही.

आता दुसरी बाजू. आमच्याकडे मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी डबे आणतात. तिसऱ्या दिवशी जियारत होते, मग चाळिसावा. आमच्या गल्लीतल्या हिंदू घरांत सुतक असतं, दहावा-तेरावा असतो. रीत निराळी असली तरी शहाणपण एकच आहे. दुःख झालेल्या माणसाला जगानं काही दिवस सोडून द्यावं. त्याच्याकडे काही मागू नये. कुणी आलं तर गप्प बसावं, पाणी प्यावं, उठून जावं. हे दिवस मेलेल्या माणसासाठी कमी आणि जिवंत माणसासाठी जास्त असतात.

कीर्ती हे दिवस देत नाही. नाटकात पहिली घंटा होते, दुसरी होते आणि तिसरी झाली की पडदा वर जातो. तिसऱ्या दिवसाची वाट बघायला तिसरी घंटा तयार नसते. १९११ साली नाटक मंडळी होती, ग्रामोफोन कंपन्याही होत्या, पुढे बोलपट आले, आणि आता तर प्रत्येकाच्या हातात पडदा आहे. कलावंताच्या घरी मरण झालं तर आज कॅमेरा स्मशानात आणि कब्रस्तानात पोहोचतो. साधनं बदलली, घंटा तीच आहे.

या घंटेचा अगदी लहान आवाज मीही ऐकला आहे. माझी कीर्ती ती काय! तालुक्याची संमेलनं, महाविद्यालयांतली कविसंमेलनं, एखादा दिवाळी अंक. माझा धाकटा भाऊ ऐन तारुण्यात गेला. त्याच्यावर मी एक कविता लिहिली. पहिल्यांदा ती मंचावर म्हटली तेव्हा सभागृह स्तब्ध झालं आणि मग टाळ्या पडल्या. त्यानंतर जिथे जावं तिथे तीच कविता मागितली जाऊ लागली. 'बाई, ती भावावरची म्हणा.' एकदा माझी अम्मी श्रोत्यांत बसली होती. घरी परतताना रिक्षात ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लोगां ताल्या कायकू बजाए?" लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या?

कविता आवडली म्हणून वाजवल्या, असं मी सांगितलं. ते खरंच होतं. लोकांनाही आपापली माणसं आठवली असतील, तेही खरं. पण अम्मीचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. तिचा मुलगा गेला होता, आणि तो गेल्याची गोष्ट शेकडो माणसांना आवडली होती. ज्या जगात ती गोष्ट आवडत होती, त्या जगात तिला जागा नव्हती. मला टाळी मिळाली. तिला काही मिळालं नाही. त्या दिवसापासून लक्ष्मीबाई मला पुस्तकातल्या बाई वाटेनाशा झाल्या.

कलावंताचं दुःख विकलं जाणं ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. १८९२ साली मिलानमध्ये लिओनकाव्हालोची 'पाल्याची' ही संगीतिका पहिल्यांदा झाली. तिच्यातला विदूषक घर मोडलं असताना तोंडाला रंग फासतो आणि हसवायला जातो. कारूसो या गायकाने त्यातलं गाणं ग्रामोफोनवर गायलं आणि ते रडणं जगभरच्या दिवाणखान्यांत वाजू लागलं. आपल्याकडे १९७० साली राज कपूरच्या 'मेरा नाम जोकर'मध्ये आई गेल्यावरही जोकर खेळ करतो. तिकीट काढून आलेल्याला हे बघायला आवडतं. आपल्या करमणुकीसाठी कुणीतरी इतकी मोठी किंमत मोजली, या विचाराने गाण्याचं मोल वाढतं. त्यात वाईट काही नाही. फक्त ती किंमत एकट्या गाणाऱ्याने मोजलेली नसते, हे विसरू नये.

कोल्हापूरला तर हे विसरून चालणारच नाही. बालगंधर्वांना किर्लोस्कर मंडळीच्या दारापर्यंत नेणारा रस्ता आपल्या गावावरून जातो. शाहू महाराजांनी या मुलाचं गाणं ऐकलं आणि त्याच्या कानाच्या दुखण्यासाठी त्याला मिरजेला मिशन इस्पितळात डॉ. वानलेस यांच्याकडे पाठवलं. तिथूनच १९०५ साली तो किर्लोस्कर मंडळीत गेला. 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे आपल्या कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे. आणि बालगंधर्वांसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिलेले केशवराव भोसले तर इथलेच.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्या प्रयोगाची वर्णनं आपण चवीने वाचतो. पण त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने गेले. वय अवघं एकतीस. त्यांची ललितकलादर्श मंडळी बापूराव पेंढारकरांनी सांभाळली आणि नाटकं चालू राहिली. चालू ठेवावीच लागली. इथेही पंगत होती. २०२४ च्या ८ ऑगस्टला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं तेव्हा सारं कोल्हापूर रस्त्यावर उभं राहून रडलं. इमारतीसाठी गाव रडलं ते योग्यच. पण एकतीस वर्षांचा गायक गेला तेव्हा त्याच्या घरात काय झालं असेल, हा विचार त्या रात्री माझ्या मनात येऊन गेला.

आणखी एक घर सांगते. दरबारगायक उस्ताद अल्लादिया खाँ यांचं. १८९५ पासून शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या या गवयाने कोल्हापुरात जयपूर-अत्रौली घराण्याचं झाड लावलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही त्याची फळं. खाँसाहेबांचा मुलगा मंजीखाँ हाही थोर गवई. १९३७ साली तो गेला. बाप पुढे १९४६ पर्यंत जगला. ज्याच्या गळ्यात आपली विद्या उतरवली तो मुलगा आपल्यासमोर जावा, हे बापाचं दुःख तर आहेच, गुरूचंही आहे. घराण्याचा इतिहास लिहिताना आपण या दोन सनावळ्या एकाखाली एक मांडतो आणि पुढच्या शिष्याकडे वळतो. मधली नऊ वर्षं कुणाची कादंबरी होण्याची वाट बघत पडून आहेत.

खाँसाहेबांचं नाव मी मुद्दाम घेतलं, कारण आता मला गोहरबाईंकडे यायचं आहे. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले. ते फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकले. टेंब्यांनी 'मानापमान'साठी उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या ढंगातून चाली आणल्या. म्हणजे ज्याला आपण मराठी मनाचं अस्सल नाट्यसंगीत म्हणतो, त्यात उस्तादांच्या आणि कोठीवर गाणाऱ्या बायकांच्या गळ्यांचा वाटा आहे. हे ध्यानात ठेवलं म्हणजे गोहरबाई बालगंधर्वांच्या आयुष्यात कुठून तरी परकी येऊन शिरली, असं म्हणता येत नाही.

गोहर कर्नाटकी. पुष्कळजण तिची आणि १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण केलेल्या गौहरजानची गल्लत करतात. ही निराळी. बिळगी या कानडी मुलखातल्या गावची. 'किस्मत' या १९४३ च्या चित्रपटात गायलेली अमीरबाई कर्नाटकी ही तिची बहीण. गोहर स्वतः रंगभूमीवर आणि बोलपटांत काम केलेली, स्वतःच्या ध्वनिमुद्रिका असलेली गायिका होती. बालगंधर्वांची गायकी तिने आपल्या गळ्यात बसवली होती. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ती त्यांच्या मंडळीत आली. तेव्हा दिवस पालटले होते. बोलपटांनी नाटकाचा प्रेक्षक नेला होता. स्त्रीवेषाचा तो राजा पन्नाशीला आला होता. कर्जाचं ओझं होतंच. १९३५ साली ते 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथ झाले, पण पडद्यावर त्यांचं मन रमलं नाही.

१९४० साली लक्ष्मीबाई गेल्या. १९५१ साली बालगंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केलं. त्यानंतर त्यांचं शरीर थकलं, पाय गेले. लोकांनी ज्या रूपावर जीव ओवाळून टाकला होता, ते उचलून ठेवावं लागणारं शरीर झालं. त्या शरीराची उस्तवार गोहरबाईने केली. १९६४ साली ती गेली. त्याच वर्षी बालगंधर्वांना 'पद्मभूषण' मिळालं. पुढे तीन वर्षांनी, १५ जुलै १९६७ रोजी ते गेले.

मराठीत गोहरबाईवर पुष्कळ दोषारोप झाले. तिने त्यांना लुबाडलं, घरापासून तोडलं, त्यांचा ऱ्हास तिच्यामुळे झाला. त्या काळच्या गप्पांतून, लेखांतून हे इतकं बोललं गेलं की माझ्या लहानपणीही बालगंधर्वांचा विषय निघाला की कुणीतरी माझ्याकडे बघून आवाज खाली करायचं. जणू गोहर माझी कुणी लागत होती. तिने सारं बरोबर केलं, असा माझा दावा नाही. लक्ष्मीबाईंच्या हयातीत ती त्या घरात आली आणि त्याची कळ लक्ष्मीबाईंनी सोसली, हे मी झाकणार नाही. पण ऱ्हासाची कारणं बघा. बोलपट, वय, कर्ज, भरजरी शालू आणि अत्तरांचा तो खर्च, आणि कुणाचंही न ऐकणारा मालक. एवढी कारणं समोर असताना सगळा दोष एका बाईच्या नावावर टाकला, कारण ते सोपं होतं. ती गाणारी होती, आणि मुसलमान होती.

आता बघा, या एका कीर्तीच्या दोन बाजूंना दोन बायका उभ्या आहेत. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला वैभवाचा काळ आला. त्या काळात नवरा सगळ्यांचा होता आणि मूल गेल्याचं दुःखही त्याच्या नावावर जमा झालं. गोहरच्या वाट्याला उतरता काळ आला. प्रेक्षक गेले होते आणि दोष तेवढा उरला होता. एकीचं दुःख गौरवात विरघळलं. दुसरीला दुःख असेल, असं कुणी मानलंच नाही. स्वतःची गायिका म्हणून असलेली वाट सोडून ती दुसऱ्याच्या सावलीत उभी राहिली. आपलं गाणं गेल्याचं दुःख तिला झालं नसेल? ते तिला कुणी विचारलं नाही, म्हणून ते कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून मी म्हणते, कादंबरी हवी. मोठ्या कलावंतावरची कादंबरी वाचताना आपण बहुधा मैफलीच्या, प्रयोगाच्या, वन्समोअरच्या पानांवर रेंगाळतो. तसं रेंगाळायला हरकत नाही. पण कादंबरीची परीक्षा दुसऱ्या पानांवर आहे. गाणारा बाहेर पडल्यावर दार कुणी लावून घेतलं? टाळ्या वाजत असताना घरी कोण जागं होतं? या प्रश्नांना जी कादंबरी थोडा वेळ देते, तिला मी मानते. लेखकाने लक्ष्मीबाईंना देवी करू नये आणि गोहरबाईला कैकेयी करू नये. दोघींनाही रागावू द्यावं, रडू द्यावं, कधी हिशेब मागू द्यावा. आणि बालगंधर्वांनाही माणूस होऊ द्यावं. कदाचित त्या संध्याकाळी रंग लावणं हीच त्यांची रडण्याची रीत असेल. एखाद्याला गप्प बसून रडता येत नाही, काम करतच रडावं लागतं. तेही खरं दुःखच आहे. पण ते एकट्याचं आहे, हे आपण ठरवू नये.

आमच्यात कुणी गेल्याची बातमी आली की लोक आधी विचारतात, 'घरात कोण आहे?' म्हणजे मागे कोण राहिलं, कुणाजवळ जाऊन बसायचं. हाच प्रश्न वाचकानेही पुस्तकाला विचारावा, असं मला वाटतं. आज रविवार आहे. कुणाच्या घरी बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रिका लागेल. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं गाणं मावायचं. ती तीन मिनिटं जरूर ऐका, त्या आवाजासारखा आवाज पुन्हा झालेला नाही. आणि गाणं संपल्यावर वाचनालयात जाऊन त्यांच्यावरची एखादी कादंबरी घरी आणा. वाचताना लक्ष्मीबाई आणि गोहरबाई किती पानांत येतात, ते तेवढं पाहा.